आधी आत्याला

मार्चमधल्या वादळानं डोंगरउतारावरच्या सगळ्या केतक्या लोळवल्या. नीरफणस मुळासकट उपटले, केळी आडव्या झाल्या, चर्चचं पत्र्याचं छप्पर उडून खाडीत जाऊन बसलं. पण लोलबेरी गावातल्या बायकांना खरा घोर केतकीचा. खायचं काय, ते जमिनीतून आज ना उद्या निघतं. पात नसली तर चटई कशाची विणायची? आणि चटई नसली तर लग्नात काय द्यायचं, दंड कशात भरायचा, मेलेल्या माणसाला गुंडाळायचं कशात?

लोरीनाच्या घरात मात्र आढ्याला बांधलेल्या जुन्या चटया होत्या. तिचा हात गावात नावाजलेला. तिची वीण धरून ओढली तरी सुईच्या नेढ्याएवढी फट पडत नसे. पेंटेकोस्ट बेटाच्या या टोकाला तिच्या चटईला कुणी नाव ठेवलं असेल तर ते तिच्या माघारीच.

तिची नणंद एथलिन हिला विणकाम जमत नसे. हात सैल, चटईच्या कडा सापासारख्या वळायच्या. एथलिनची मिळकत होती ती जिभेची. ती बोलायला लागली की मासे विकायला आलेला माणूस मासे विसरून बसायचा. तिचे दोन्ही मुलगे परदेशी फळं तोडायला गेलेले, नवरा वारलेला. दवाखान्यातल्या नर्सनं तिला शिकवून गावासाठी औषधांची एक पेटी सोपवली होती. जखम धुणं, ताप बघणं, बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात धाडणं ही कामं ती करायची. वादळानंतर नर्स स्वतः चालत आली आणि म्हणाली, "या बाजूच्या गावांत पोरीबाळी पोटुशा राहायला लागल्यात. शाळा सोडतायत. त्यांच्याशी कुणीतरी बोललं पाहिजे." कुणीतरी म्हणजे एथलिनच.

रीतही तिच्या बाजूची होती. भाचीशी चावट बोलायचा हक्क आत्याचा. आत्यानं तोंड सोडलं तर लोक हसतात. तेच आईनं केलं तर तिला बेशरम म्हणतात.

एका बुधवारी दुपारी लोरीना मळ्यातून अळूच्या कंदांची पाटी पाठीवर घेऊन येत होती. एथलिनच्या चुलीघरातून हसण्याचा कल्लोळ आला. लोरीना थांबली. बांबूच्या कुडाच्या फटीतून आत बघितलं. आठ-दहा पोरी चटईवर दाटीवाटीनं बसलेल्या. एथलिनच्या एका हातात कच्चं केळं आणि दुसऱ्या हातात ते रबरी पाकीट.

"हे बघा, घाई करणाऱ्यानं फाडलं की गेलं कामातून," एथलिन सांगत होती. "आणि तो म्हणाला ना, 'मला नाही बसत, लहान पडतं,' तर त्याला सांगायचं, बाबा, हे माझ्या आत्याच्या पायातसुद्धा बसतं!" आणि तिनं खरंच ते आपल्या पावलावर चढवायला घेतलं.

पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यात नेरी होती. लोरीनाची थोरली, सोळा संपत आलेली. मान मागं टाकून, तोंड उघडं टाकून हसत होती. अगदी मागच्या दाढा दिसत होत्या. हसता हसता तिनं आत्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि आत्यानं बोलता बोलता तिच्या केसांवरून हात फिरवला.

लोरीनाच्या खांद्याला पाटीचा पट्टा रुतत होता. लेकीच्या मागच्या दाढा तिनं कधी बघितल्या होत्या? घरी नेरी "हं" म्हणायची, नाहीतर "नाही" म्हणायची. दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. सगळं साठवून ठेवत होती, ते इथं आणून सांडायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोरीना गावप्रमुख बुलेतारे याच्या अंगणात जाऊन बसली.

"केळं?" बुलेतारेनं विचारलं.

"कच्चं केळं."

"आणि त्याचं केलं काय?"

लोरीनानं मान खाली घातली. "ते मी तुमच्यासमोर कसं सांगू? ज्या पोरींना काही ठाऊक नव्हतं त्यांना ठाऊक झालं. उद्या करून बघतील. मी चर्चच्या मदर्स युनियनची बाई, मला गप्प बसवत नाही."

जे बोलली ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बुलेतारेनं निवाडा दिला. ज्या पोरीला तिची आई स्वतः आणून सोडेल तिनंच जावं, बाकीच्यांनी नाही. कुठल्या आईचा एवढा धीर! पुढच्या बुधवारी एथलिन एकटीच बसली होती. तिसऱ्या बुधवारी तिनं चटई गुंडाळून ठेवली.

पाण्याच्या नळावर ती लोरीनाला म्हणाली, "काय गं, माझ्याकडं येऊन बोलली असतीस तर जीभ झिजली असती का?"

"वन्सं, मी तुमच्याबद्दल काही बोलले नाही. पोरींची काळजी म्हणून गेले."

"पोरींची," एथलिन म्हणाली. "की एका पोरीची?"

लोरीनानं बादली उचलली. पाणी झग्यावर हिंदकळलं.

ऑगस्टमध्ये कोनफळं लावायचे दिवस आले. वादळानं बियाणं कुजवलं होतं, जे वाचलं त्याचे बारीक तुकडे करून लावायचे होते. माबोन, लोरीनाचा नवरा, पहारीनं खड्डे खणायचा. लोरीना माती भुसभुशीत करायची. नेरी आणि धाकटी मेलीस तुकडे लावून वर आळं करायच्या. उन्हानं माती तापलेली. नेरी दर थोड्या वेळानं उभी राहायची, कमरेवर हात ठेवून समुद्राकडं बघायची.

"काय गं, जहाज येणार आहे का?" माबोन म्हणायचा.

"पाठ दुखते."

"या वयात? तुझ्या आईची पाठ बघ, दोन माणसांचं काम करते."

लोरीनाला वाटलं, पोर आळशी झाली. आत्याच्या घरी बसून गप्पा मारायची सवय लागली, आता मातीत वाकवत नाही. तिनं नेरीला आणखी एक ओळ लावायला दिली.

सप्टेंबरात मेलीसचा कान वाहायला लागला. लोरीना तिला घेऊन तबीच्या गाडीनं दवाखान्यात गेली. तबीची गाडी म्हणजे मागं फळ्या ठोकलेला टेम्पो. बसायला खोबऱ्याची पोती. नर्स लेताउ नवीच बदलून आलेली, दुसऱ्या बेटावरची, तरुण, झपझप बोलणारी. तिनं मेलीसचा कान बघितला, नाव विचारलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मेलीस माबोन? म्हणजे तू नेरीची बहीण! कशी आहे ती? उलट्या थांबल्या का?" मग लोरीनाकडं वळून म्हणाली, "तुम्ही त्याच गावच्या ना? तिच्या आईला निरोप द्या, पाचवा महिना लागलाय, रक्त परत तपासायचंय."

लोरीनाला आधी शब्द कळले, अर्थ कळला नाही. मग अर्थ कळला आणि दुसरंच काहीतरी तिच्या तोंडून निघालं.

"तिची आई मी आहे."

नर्सनं तिच्याकडं बघितलं, मेलीसकडं बघितलं. "मग ती बाई? मोठ्या आवाजाची? ती तर म्हणाली..." आणि तिनं ओठ मिटले.

"काय म्हणाली?"

"माझी लेक आहे, म्हणाली."

 बाकावरच्या एकीनं मांडीवरच्या पोराच्या तोंडात घाईनं छाती दिली, जणू तेच काम राहिलं होतं. लोरीना उठली. कानाच्या थेंबांची बाटली मुठीत धरून बाहेर आली. लेक पोटुशी आहे हा घाव होताच. पण परतीच्या वाटेवर गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तिच्या छातीत ठुसठुसत होतं ते दुसरंच. माझी लेक आहे, म्हणाली.

"मेलीस, तुला ठाऊक होतं?"

मेलीस पोत्याचा दोरा उसवत बसली. "आत्या म्हणाली, आईला सांगू नको. ती मारेल."

"मी कधी मारलंय तुम्हाला?"

मेलीसनं थोडा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण बोलत नाहीस ना. ते मारल्यासारखंच वाटतं."

गाडीतून उतरली ती थेट एथलिनच्या अंगणात. एथलिन पानात भाजायच्या लाप्लापसाठी अळूचा कंद काटेरी फांदीवर किसत होती. पांढरा लगदा पानावर पडत होता. समोर नेरी बसून नारळ फोडत होती. आईला बघताच तिचा कोयता वरच्या वर थांबला.

"घरी चल," लोरीना म्हणाली.

नेरी हलली नाही.

"बस, पाणी पी," एथलिन म्हणाली.

"तुमचं पाणी नको. पाच महिने, वन्सं. पाच महिने तुम्ही माझ्या ताटासमोर बसलात, माझ्या हातचं खाल्लंत, आणि..."

"किंचाळू नको, शेजारी कान लावून बसलेत."

"बसू देत! दवाखान्यात आई कोण झालं होतं? लेक पाहिजे होती तर काढायची होती स्वतःच्या पोटातून!"

एथलिनचा किसणारा हात थांबला. बोटाला काटा लागून रक्ताचा थेंब लगद्यावर पडला. तिनं तो भाग चिमटीनं काढून फेकला.

"आता ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "मे महिन्यात ही माझ्याकडं आली. म्हणाली, आत्या, तो एल्विन मागं लागलाय, मलाही आवडतो, दिवस राहू नयेत म्हणून ते सुई टोचायचं औषध असतं ना, ते मला मिळेल का? मी काय म्हणाले, विचार तिला. मी म्हणाले, बाई, गावप्रमुखानं मला शपथ घातलीय. तुझ्या आईला घेऊन ये. आईनं हो म्हटलं तर आजच्या आज नेते."

लोरीनानं नेरीकडं बघितलं. नेरी नारळाकडं बघत होती.

"मला का नाही विचारलंस?"

"काय विचारू?" नेरीचा आवाज फाटला. "मला पाळी आली ते तुला सांगितलं होतं तेव्हा तू काय म्हणालीस? म्हणालीस, आत्याकडं जा. तेवढंच. मग मी आत्याकडंच गेले, दर वेळी!"

एथलिननं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात लोरीनाला चुलीतल्या लाकडासारखा दिसला. ती वळली आणि मेलीसला ओढत घरी गेली.

नाकामालात, म्हणजे गावच्या बैठकघरात, बैठक भरली. आत पुरुष, बाहेर उंबऱ्यापाशी बायका. एल्विन पलीकडच्या गावचा, अठरा वर्षांचा, जहाजावर खोबऱ्याची पोती चढवायचं काम करणारा. पोरगा वाईट नव्हता.  त्याच्या बापानं वळलेल्या सुळ्याचं एक डुक्कर आणि दोन साधी डुकरं दंड म्हणून आणून बांधली. लग्नाचं पुढं बघू, दोघंही लहान आहेत, असं ठरलं. मग बुलेतारे म्हणाला, गावाची मान खाली गेली, तेव्हा मुलीच्या घरानंही चटया भरायच्या.

 शरमेनं माबोनची हनुवटी छातीला टेकली होती. लोरीना घरी गेली, आढ्यावरच्या चटया सोडल्या. धुरानं त्यांचा लाल रंग गडद झाला होता. यातली एक तिनं नेरीच्या लग्नासाठी विणली होती, नेरी रांगत असताना. ती सगळ्यांत वर ठेवली आणि डोक्यावर घेऊन आली. अंगणात चटया पसरल्या तशा बायका वाकल्या. ज्यांना आयुष्यात सरळ कड विणता आली नाही अशांनीसुद्धा बोटं घालून वीण चाचपली.

"दोन्ही घरांच्या रीतीप्रमाणं बाळंतपण पोरीच्या आईकडंच," बुलेतारे म्हणाला. "पण पोरीला विचारा. नेरी, कुठं राहणार तू?"

 नेरी उभी होती, झगा पोटावर ताणलेला, ओठ कोरडे.

"आत्याकडं," ती म्हणाली.

कुणीतरी खाकरलं. लोरीना जमिनीवरचं एक वाळकं पान उचलून त्याच्या शिरा मोजत बसली. एथलिनची मान जरा ताठ झाली, आणि लोरीनानं ते बघितलं.

त्यानंतरचे महिने लोरीनानं कामात घातले. वाचलेल्या केतक्यांना नवी पात फुटत होती. ती पात कापायची, काटे सोलायची, उकळून उन्हात पांढरी करायची, शिंपल्यानं घासून मऊ करायची. बोटांना चिरा पडल्या. संध्याकाळी मेलीस आत्याकडून यायची आणि न विचारता सांगायची: नेरी आज दोन वेळा जेवली, आत्यानं तिला झगा शिवला, बाळ लाथ मारतं तेव्हा आत्या पोटाला कान लावून बाळाला शिव्या देते. लोरीना ऐकून न ऐकल्यासारखं करायची. रात्री तीच वाक्यं तिच्या डोक्यात फिरायची. बाळ लाथ मारतं, तेव्हा आत्या.

दोनदा ती भरलेलं लाप्लाप पानात बांधून एथलिनच्या कुंपणापर्यंत गेली. दोनदा परत आली. ते लाप्लाप माबोननं खाल्लं, आणि काही विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी तबीनं रस्त्यावर गाडी थांबवली. लोरीना पातीचा भारा घेऊन चालली होती.

"अगं लोरीना, नर्सनं निरोप दिलाय. तुमच्या नेरीचा रक्तदाब चढलाय मागच्या तपासणीत. पाय सुजले, डोकं दुखलं, तर थांबू नका, लगेच आणा म्हणाली. नाही दुखलं तरी या आठवड्यात आणा. एथलिनला सांगशील? मला पुढं माल उतरवायचाय."

एथलिनला सांग. लोरीनाला नाही. लोरीनाच्या हाती एथलिनसाठी निरोप.

"सांगते," ती म्हणाली.

भारा घरी टाकून ती निघाली. वाटेत तिनं मनाशी ठरवलं, आपण म्हणायचं, चल नेरी, मी नेते. दवाखान्यात आपण शेजारी बसायचं. नर्स बघेल. सगळ्या बायका बघतील.

एथलिनच्या अंगणात आंब्याखाली नेरी पाय पसरून बसली होती. तिचं डोकं एथलिनच्या मांडीवर. एथलिन खोबरेल तेल लावून कपाळ चोळत होती, गुणगुणत होती. नेरीचे डोळे मिटलेले. लोरीना कुंपणापाशी उभी राहिली. नेरी लहान असताना अशीच तिच्या मांडीवर यायची आणि लोरीना म्हणायची, ऊठ, मला पात सोलायचीय. केव्हा यायची बंद झाली ते तिला आठवेना.

डोकं दुखत असेल म्हणूनच कपाळ चोळत असेल, हे तिला दिसत होतं. पण त्या वेळी दिसलं ते फक्त एवढंच, की ती मांडी दुसऱ्याची आहे.

ती परत फिरली. उद्या नेऊ, तिनं स्वतःला सांगितलं. एका रात्रीनं काय होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पात घासत असताना मेलीस धावत आली. तिला बोलता येईना, नुसती बोट दाखवत होती. लोरीना पळाली. एथलिनच्या चुलीघरात नेरी जमिनीवर पडली होती, अंग ताठ, हातपाय झटके देत होते, तोंडातून फेस. एथलिननं तिला डाव्या कुशीवर वळवलं होतं. तिचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. ती नुसती "येशू, येशू" पुटपुटत होती.

तबीची गाडी सुदैवानं नळापाशी होती. माबोननं आणि शेजाऱ्यांनी नेरीला चटईवर उचलून मागं ठेवलं. झटके थांबले होते, पण ती शुद्धीवर नव्हती. लोरीनानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. एथलिन पायांपाशी बसली. सुजलेल्या पावलांत तिची बोटं रुतत होती आणि खळगे तसेच राहत होते. गाडी ओढ्यात उतरली, हेलकावली, वर चढली.

"निरोप आला होता," लोरीना म्हणाली.

"कसला?"

"काल. तबीजवळ. डोकं दुखलं तर लगेच आणा म्हणून. मी तुमच्या कुंपणापर्यंत आले होते. तुम्ही कपाळ चोळत होतात." तिनं नेरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "माझ्यानं आत येववलं नाही, वन्सं."

लोरीनाला वाटलं, आता ही आपल्याला गाडीतून ढकलून देईल. दिलं असतं तर तिनं हात धरला नसता.

एथलिन बराच वेळ पावलं चोळत राहिली.

"मला निरोपाची काय गरज होती?" ती शेवटी म्हणाली. "दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती. सुजेचं मला शिकवलेलं आहे. पण या खेपेला नर्स तुला बोलावणार, आईची सही मागणार, बाळंतपण झालं की पोर तुझ्याकडं जाणार. म्हटलं, अजून दोन दिवस असू दे माझ्यापाशी." तिनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं. "तू एकटीच नाहीस गं बाई."

 नेरीच्या तोंडातून निघालेली लाळ लोरीनानं हातानंच पुसली.

नर्सनं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, कळा यायला औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर झालं. मुलगी, हातावर मावेल एवढी, पण रडली. पहिल्यांदा मांजरीसारखी आणि मग आपल्या पणजीसारखी, असं एथलिन म्हणाली. नेरीनं संध्याकाळी डोळे उघडले. समोर आई आणि आत्या एकाच बाकावर बसलेल्या बघून तिनं ते पुन्हा मिटले.

"मेले का मी?" तिनं विचारलं.

नेरी बाळाला घेऊन लोरीनाच्या घरी आली, कारण रीत तशीच होती. बोलली मात्र तेवढीच. बाळाला कसं धरायचं, पाजायचं कसं, हे विचारायला अजून आत्याकडंच जायची. लोरीना धुणं धुवायची, भात-मासे पुढं ठेवायची, बाळाला न्हाऊ घालायची, आणि नेरी कुंपणाबाहेर पडली की तिच्या पाठीकडं बघत राहायची. जळायचं अजून. कमी होईल असं तिला वाटलं होतं, झालं नाही.

एप्रिलमध्ये नर्स लेताउ गावात आली. तिनं बुलेतारेला बसवून नेरीचं सगळं सांगितलं, झटकेसुद्धा. बुलेतारे कावाच्या मुळांच्या काढ्याची वाटी खाली ठेवून ऐकत राहिला. आपलाच निवाडा त्याला गिळता येईना. दुसऱ्या दिवशी त्यानं शंख फुंकून सांगितलं: एथलिनकडं बुधवारची बैठक पुन्हा सुरू होईल, पोरींनी यावं, आयांनीही यावं.

लोरीना गेली. मेलीस बारा संपून तेराव्यात होती. सोबत विणायला पात घेतली, म्हणजे डोळे कुठं ठेवायचे हा प्रश्न नको. मागच्या भिंतीला टेकून बसली. नेरी पुढं, आत्याच्या अगदी शेजारी, बाळाला पाजत. आया मख्ख चेहऱ्यानं बसलेल्या. एथलिननं दोन विनोद केले. आया असल्यामुळं पोरी हसल्या नाहीत.

"दिवस राहिले हे कशावरून कळतं?" एथलिननं विचारलं. "सांगा की कुणीतरी. एवढ्या आया बसल्यात, ढगातून पडली का पोरं?"

 बाहेर कोंबडी ओरडत होती. मेलीस आईच्या दंडाला चिकटून बसली होती, तिचा श्वास लोरीनाला लागत होता. पोरीला उत्तर हवं होतं. तिचं तोंड थोडं उघडं होतं.

"मला नव्हतं कळलं," लोरीना म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. लोरीनाची बोटं पातीवर चालतच होती.

"मी सतरा वर्षांची होते. पाळी चुकली तर मला वाटलं, बरं झालं, धुण्याचा त्रास गेला. मग पोट वाढायला लागलं. मला वाटलं जंत झाले. मी आईला न सांगता जंतांचा पाला उकळून प्यायले. कडूजहर. दोनदा प्यायले. आणि एक दिवस मळ्यात वाकले असताना आत काहीतरी फिरलं, तर मी कुदळ टाकून ओरडत पळाले, की जंत मोठा झालाय, तो मला खातोय!"

मागच्या एका बाईच्या नाकातून हसू फुटलं. मग पोरी हसल्या. मग सगळ्याच. बुलेतारेची बायको डोळे पुसायला लागली. लोरीनालाही हसू आवरेना, तिच्या हातातली पात सुटली.

"आणि तो जंत कोण होता?" एका पोरीनं विचारलं.

"ती बसलीय ना पुढं," लोरीना म्हणाली. "बाळाला पाजतेय."

नेरी वळली होती. आईकडं बघत होती, जसं अनोळखी बाईकडं बघावं. "मी?" ती म्हणाली. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं." लोरीनानं सुटलेली पात पुन्हा उचलली. "मला भीती वाटायची गं. तेव्हाही, आणि तू मोठी झालीस तेव्हाही. काय सांगायचं असतं तेच ठाऊक नव्हतं."

 नेरीनं बाळाला खांद्यावर घेतलं, उठली, पोरींच्या पायांमधून वाट काढत मागं आली आणि लोरीनाच्या दुसऱ्या बाजूला बसली. "मग?" ती म्हणाली. "पळालीस, आणि मग? बाबांना कधी कळलं?"

"सांगते," लोरीना म्हणाली.

सांगायला लागण्याआधी तिची नजर पुढं गेली. एथलिन रिकाम्या झालेल्या चटईवर एकटी बसली होती. ओठांवर हसू होतं, पण मान लाकडासारखी आणि नजर नेरीच्या पाठीवर. लोरीनाला ती नजर ओळखायला वेळ लागला नाही. वर्षभर तीच डोळ्यांत घेऊन ती फिरली होती.

तिला बरं वाटलं. वाटू नये असं तिला वाटलं, तरी वाटलंच.

मग तिनं पातीचा गुंडाळा मांडीवर ओढून घेतला, शेजारी हातभर जागा केली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही पण इकडं या. पुढचं तुमच्या भावाबद्दल आहे."

एथलिन क्षणभर बसूनच राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"माझ्या भावाबद्दल वाईट बोलशील तर याद राख," ती म्हणाली, आणि येऊन बसली.